गाडी तापली? आधी झाकणावरचा हात काढा!

ज्यांना इअरफोन लावून ऐकायला जमलं नाही, त्यांच्यासाठी आजच्या भागाचं हे लिखित रूप. आधीच सांगतो, मी पोटापाण्यासाठी कोड लिहितो, मेकॅनिक नाही. पण गेल्या मे महिन्यात बाबांची जुनी डिझेल फोर-बाय-फोर माळशेज घाटात माझ्या हातात तापली, आणि त्यानंतर बग शोधावा तसा मी या विषयाच्या मागे लागलो.

झालं असं, की दुपारचे दोन वाजलेले. गाडीत आई, बाबा, मावशी, मागे सामान आणि एसी फुल्ल. टोकावडे सोडलं, घाट लागला आणि पुढे ट्रकची रांग. काटा हळूहळू सरकत लाल पट्टीला टेकला. बॉनेट उघडलं तर नुसती वाफ! मी रुमाल गुंडाळून रेडिएटरचं झाकण फिरवणार, तेवढ्यात मागच्या ट्रकचे ड्रायव्हर काका ओरडले, "ओ दादा, हात काढा! तोंड भाजून घ्याल!"

काका बरोबर होते. कूलिंग सिस्टीम म्हणजे घरातला कुकरच. झाकण आत साधारण एक बारचा दाब धरून ठेवतं, त्यामुळे कूलंट १०० अंशांच्या वर गेलं तरी उकळत नाही. गरम असताना झाकण उघडलं की दाब जातो, कूलंट एकदम उकळतं आणि थेट अंगावर येतं.

मग गाडी तापते का?

डिझेल जळून जी उष्णता तयार होते, तिचा साधारण तिसरा हिस्सा कूलंटमधून बाहेर टाकावा लागतो. गाडी वेगात असेल तर समोरचा वारा ते काम करतो. घाटात पंधराच्या स्पीडने चढताना वारा नसतो, सगळा भार फॅनवर. त्यात एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढेच बसवलेला, म्हणजे आधीच तापलेली हवा रेडिएटरला मिळते.

म्हणून पहिला प्रश्न विचारायचा: गाडी *कधी* तापते?

- हळू चालताना किंवा उभी असताना तापते, हायवेला ठीक असते: फॅनवर संशय.
- हायवेला वेगात तापते: रेडिएटर आतून-बाहेरून चोंदलाय, किंवा थर्मोस्टॅट, वॉटर पंप बघा.
- कूलंट सारखं कमी होतं: गळती. बाहेर डाग नाही, पण पांढरा धूर येतोय किंवा ऑइल दुधाळ झालंय, तर हेड गॅस्केट. मग गाडी चालवायचीच नाही.

आमची केस पहिली होती. जुन्या फोर-बाय-फोरमध्ये बऱ्याचदा व्हिस्कस फॅन असतो. गरम झाला की त्याचा क्लच पकड घेतो. आतलं सिलिकॉन ऑइल गेलं की पकड सुटते. इंजिन बंद आणि पूर्ण गार असताना फॅन हाताने फिरवून बघा. हलका अडथळा जाणवला पाहिजे. आमचा भिंगरीसारखा फिरत होता!

बाकीचे दोष मात्र माझेच. जाळीसमोर स्टाइलसाठी मोठे लाइट मीच लावलेले, म्हणजे हवेची वाट मीच अडवली. पावसाळ्यातल्या ऑफरोडिंगचा चिखल रेडिएटरच्या पात्यांत सुकून बसलेला. आणि वर्षभर कूलंटऐवजी नळाचं पाणी ओतत होतो, त्याने आत गंज आणि क्षार. आता मॅन्युअलमध्ये सांगितलेलं कूलंट, डिस्टिल्ड वॉटरसोबत. रेडिएटर धुताना पाणी इंजिनाच्या बाजूने बाहेर, कमी प्रेशरने मारायचं. जोरात मारलं तर पाती वाकतात.

रस्त्यात काटा चढला तर?

१. एसी बंद. काचा खाली. हीटर आणि ब्लोअर फुल्ल. आई म्हणेल, "मे महिन्यात हीटर? वेडा झालास का?" पण हीटर हा छोटा रेडिएटरच आहे, इंजिनाची उष्णता तो केबिनमध्ये ओढतो.

२. खालचा गिअर घ्या. इंजिन दमवत वरच्या गिअरमध्ये चढू नका. आरपीएम थोडे वाढले की फॅन आणि पंपही जोरात फिरतात. चिखलात, वाळूत फोर-लो वापरा, पण कोरड्या डांबरी रस्त्यावर नको. पार्ट-टाइम सिस्टीमच्या गिअरवर ताण येतो.

३. काटा लाल पट्टीत गेला किंवा वाफ दिसली, तर सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद. वाफ येत असेल तर बॉनेटही लगेच उघडू नका.

४. किमान पाऊण तास थांबा. वरचा पाइप हाताला गार लागल्याशिवाय झाकणाला हात नाही. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर हेडला तडा जाऊ शकतो.

आणि काटा अचानक खाली आला म्हणून खूश होऊ नका! कूलंटच संपलं असेल तर सेन्सर उघडा पडतो आणि चुकीचं सांगतो. चुकीचा इनपुट, चुकीचा आउटपुट.

त्या दिवशी आम्ही तासभर करवंदीच्या जाळीशेजारी बसलो. इंजिन वाचलं, फॅनचा क्लच बदलला, लाइट मी स्वतः काढले. काकांचं नाव विचारायचं राहूनच गेलं. हा भाग त्यांच्यासाठी.

घाटात निघणाऱ्या मित्राला हे आजच फॉरवर्ड करा. भेटू पुढच्या भागात!