घर टेक्सासला, वायफाय एडिसनलाच!

मंडळी, नुकतेच आम्ही एडिसनहून डॅलसजवळ राहायला आलो. आईच्या बीपीच्या गोळ्या ऑनलाइन मागवल्या, तर साइटने 'जवळचं दुकान' म्हणून न्यू जर्सीतलंच निवडलं. मीही न बघता ओके केलं! दोन दिवस आई गोळीविना.

कॅशे साफ केली, लोकेशनची परवानगी काढून परत दिली. ढिम्म. शेवटी लॅपटॉपचं वायफाय बंद करून केबल लावली, तर ब्राउझर मुकाट्याने डॅलस म्हणाला. चोर सापडला. केबलवर तो आयपी पत्त्यावरून अंदाज बांधतो (फार तर शहर कळतं). वायफाय असलं की आसपासच्या राउटरांचे मॅक पत्ते लोकेशन सेवेला पाठवतो. कुठला राउटर कुठे, हे लोकांच्या जीपीएसवाल्या फोनांमुळे तिच्याकडे आधीच नोंदलेलं असतं. आम्ही राउटर आणि एक्स्टेंडर दोन्ही उचलून आणलेले, आणि नव्या कॉलनीत शेजारी अजून यायचेत!

मग घरात फोनचं जीपीएस, वायफाय दोन्ही चालू ठेवून नकाशा वापरत राहिलो. नवव्या दिवशी ब्राउझर टेक्सासात आला. तुमच्याकडे कमीजास्त लागेल. तोवर झिपकोड हातानेच टाका, आणि ओके करण्याआधी दुकानाचा पत्ता वाचा.