बोटांनी वाचायची अक्षरे

मंडळी, अक्षर येत नव्हते तेव्हाचे दिवस आठवतात ना? पत्र आले की ते घेऊन दुसऱ्याच्या दारात जायचे. आपल्या घरचे सुखदुःख परक्याच्या तोंडून ऐकायचे. आता तुम्ही आपले पत्र आपण वाचता. पण ज्याला दिसत नाही त्याने काय करावे?

त्यानेही वाचावे! डोळ्यांनी नव्हे, बोटांनी. अंधारात कणगीत हात घातला तरी घरच्या बाईला ज्वारी कोणती, बाजरी कोणती हे कळते. बोटांना असे ज्ञान असते. त्याच ज्ञानावर एक लिपी उभी आहे. तिला ब्रेल म्हणतात.

लुई ब्रेल हा फ्रान्स देशातल्या एका खोगीर करणाऱ्याचा मुलगा. जन्म १८०९ सालचा. तीन वर्षांचा असताना बापाच्या आरीशी खेळता खेळता ती डोळ्याला लागली. पुढे दोन्ही डोळे गेले. त्याच मुलाने पंधराव्या वर्षी, १८२४ साली, ही लिपी तयार केली. आपल्या देशातल्या भाषांसाठी १९५१ साली भारती ब्रेल ठरली. मराठी तिच्यातच लिहितात.

ती कशी असते? लुडोच्या फाशावरचे सहा आठवा. दोन उभ्या रांगा, एकेकीत तीन टिंबे. डावीकडे वरून खाली १, २, ३. उजवीकडे ४, ५, ६. नुसते १ उठवले की 'अ'. १ आणि २ म्हणजे 'ब'. १ आणि ३ म्हणजे 'क'. १, २, ३ म्हणजे 'ल'. आता 'ब'पुढे 'ल' ठेवा. 'बल'! झाला एक शब्द. काना, वेलांटी मात्र अक्षराला चिकटत नाहीत. अक्षरानंतर वेगळ्या येतात.

तुम्ही म्हणाल, आम्हांला तर दिसते, आम्ही हे कशाला शिकायचे? पाहा बरे. घरातले अंध मूल शाळेत ब्रेल शिकते. वही घेऊन घरी येते. ती वही कोणालाच वाचता येत नाही. मग चूक कोण दाखवणार? शाबास कोण म्हणणार? शिकलेले आईबापही त्या लेकरापुढे अडाणीच! हल्ली फोन मजकूर वाचून दाखवतो. पण वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ, हे बोटालाच नीट कळते.

डोळसाला दोन वाटा आहेत. पहिली नजरेची. कागदावर बाजूने उजेड पडू द्या. टिंबांच्या सावल्या दिसतात. रोज चार अक्षरे घोटा. दुसरी वाट बोटाची. डोळे मिटा. अंगठ्याजवळचे बोट डावीकडून उजवीकडे हलकेच न्या, दाबू नका. या वाटेला महिने लागतात. घट्टे पडलेल्या बोटाला तर जास्तच. पण मुलाची वही पाहायला नजरेची वाट पुरते.

मुंबईचे स्वागत थोरात स्वतः डोळस. त्यांनी २००८ साली 'स्पर्शज्ञान' हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केले.

आपल्या धाराशिव जिल्ह्यात तुमच्या माहितीत असे मूल असेल, तर त्याच्याजवळ बसा. म्हणा, "बाळा, तुझे अक्षर आम्हांला शिकव." बघा, ते किती आनंदाने शिकवील!