मारुतीच्या गळ्याला लागलेलं पाणी

मुलांनो, अलंकार म्हटलं की तुम्हांला काय आठवतं? व्याकरणाचं पुस्तक, पाठ केलेली व्याख्या आणि 'अलंकार ओळखा' हा हमखास येणारा प्रश्न! मलाही शाळेत तेच आठवायचं. पुढे शिक्षिका झाले तरी समज तेवढीच राहिली. चौथीतल्या एका मुलीने ती मोडली, त्याची ही गोष्ट.

२०१९ चा ऑगस्ट. ४ तारखेला नाशिकला गोदावरीचा मोठा पूर आला. रामकुंडाजवळची देवळं पाण्यात गेली. पाणी ओसरून शाळा भरली तेव्हा मी वर्गाला 'मी पाहिलेला पूर' हा निबंध दिला. मी गावात नवी होते. घाटाजवळच्या गल्लीत राहणाऱ्या एका मुलीने लिहिलं, "गंगा मारुतीच्या गळ्याला लागली म्हणून आजीने पिठाचा डबा आणि माझं दप्तर माळ्यावर चढवलं." मी लाल पेनने दोन शेरे मारले : 'नदीचे नाव गोदावरी' आणि 'अतिशयोक्ती नको'.

मधल्या सुट्टीत ती वही घेऊन आली. "बाई, खरंच गळ्याला लागली होती. मग तर तो बुडालाच!"

"कोण गं?"

"दुतोंड्या मारुती!"

नाशिकच्या मुलांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगते. रामकुंडाजवळ नदीच्या पात्रातच मारुतीची भली उंच मूर्ती उभी आहे. पुढे तोंड, मागेही तोंड, म्हणून दुतोंड्या. गंगापूर धरणातून किती क्युसेक पाणी सोडलं ते बातम्यांत सांगतात, पण घाटावरचा दुकानदार विचारतो, "मारुतीच्या कुठवर आलं?" गुडघ्याला, कमरेला, छातीला, गळ्याला. त्यावरून माल कधी हलवायचा ते ठरतं. म्हणजे मी जिला अतिशयोक्ती म्हटलं ते चक्क मोजमाप होतं! 'पाणी आभाळाला टेकलं' ही खरी अतिशयोक्ती. तिथे कुणी टेप घेऊन मोजायला जात नाही, बोलणाऱ्याची भीती तेवढी आपल्याला कळते.

आता माझा दुसरा शेरा. नाशकात गोदावरीला सर्रास गंगा म्हणतात. 'गंगेवर जाऊन येते' म्हणजे गोदाघाटावर जाऊन येते. गंमत बघा. 'गोदावरी गंगेसारखी पवित्र आहे' म्हटलं तर उपमा. 'गोदावरी म्हणजे जणू गंगाच' म्हटलं तर उत्प्रेक्षा. 'गोदावरी ही गंगाच' म्हटलं की रूपक. आधी 'सारखी' गळालं, मग 'जणू' गळालं आणि दोन नद्यांची एक नदी झाली. त्या मुलीच्या आजीने तर गोदावरी हे नावसुद्धा गाळून टाकलं होतं, आणि मी ते लाल शाईने परत घालायला निघाले होते!

निफाड-दिंडोरीकडचे द्राक्षबागाईतदारही असंच बोलतात. काडीला 'डोळा' फुटतो, घडाला 'मणी' लागतात. ही रूपकंच, पण इतकी वापरलेली की कुणाच्या ध्यानातही येत नाहीत.

आणि चेतनगुणोक्ती? म्हणजे निर्जीव वस्तूने माणसासारखं वागणं. नाशिकचे कवी कुसुमाग्रज यांची 'कणा' ही कविता तुमच्यापैकी कित्येकांना ठाऊक असेल. तिच्यात घरात शिरलेली नदी पाहुणी होऊन येते. पुरात होतं-नव्हतं ते गेलेला माणूस नदीला शिव्या देत नाही, तिचा पाहुणचार सांगतो. त्याने नुसती नुकसानीची यादी वाचली असती तर आपण हळहळलो असतो, इतकंच. मला वाटतं, त्या 'पाहुणी'मुळेच त्याचा स्वभाव आपल्याला कळतो.

तर त्या मुलीच्या वहीतले दोन्ही शेरे मी तिच्यासमोर खोडले आणि तिला निबंध वर्गात वाचायला लावला. त्यानंतर त्या पावसाळ्यात एक पद्धतच पडली. पाऊस लागला की ती पुलावरून मारुती बघून यायची आणि दारातूनच ओरडायची, "बाई, आज गंगा नुसते पाय धुतेय!"