‘लेजंड्स अँड लाटेज’ : सौम्य अद्भुतरम्यतेचे बळ आणि मर्यादा

मराठी कादंबरीच्या अभ्यासात ‘अद्भुतरम्य’ ही संज्ञा प्रामुख्याने नारो सदाशिव रिसबुड यांच्या ‘मंजुघोषा’ (१८६८) सारख्या कादंबऱ्यांच्या संदर्भात वापरली जाते. राजकुलातील नायक-नायिका, विलक्षण योगायोग, विरह आणि अखेर मीलन ही तिची परिचित लक्षणे होत. इंग्रजीत अलीकडे रूढ झालेल्या ‘कोझी फँटसी’ या प्रकाराने अद्भुत सृष्टी कायम ठेवून तिच्यातील संकटांचे प्रमाण हेतुतः घटविले आहे. ट्रॅव्हिस बाल्ड्री या अमेरिकन लेखकाची ‘लेजंड्स अँड लाटेज’ (२०२२) ही या प्रकारातील प्रातिनिधिक कादंबरी होय. लेखकाने प्रथम स्वतः प्रसिद्ध केलेली ही कादंबरी त्याच वर्षी टॉर या प्रकाशनसंस्थेने पुन्हा काढली आणि पुढे २०२३ च्या ह्यूगो पुरस्काराच्या अंतिम यादीत तिचा समावेश झाला. तिचे मूल्यमापन कोणत्या निकषांवर करावयाचे, हा येथे विचाराचा विषय आहे.

कादंबरीची नायिका व्हिव ही ‘ऑर्क’ या बलाढ्य वंशातील भाडोत्री योद्धा आहे. शस्त्र खाली ठेवून ती थून नावाच्या शहरात जुनी पागा विकत घेते आणि तेथे कॉफीचे दुकान थाटते. या शहरात कॉफी कोणालाच ठाऊक नाही. सुतारकाम करणारा कॅल, पाककुशल थिंबल आणि दुकानात साहाय्यक म्हणून आलेली टँड्री अशी माणसे क्रमाने तिच्याभोवती जमतात. व्हिव आणि टँड्री यांच्यातील प्रेम हे कथानकाचे दुसरे सूत्र.

या कादंबरीचे पहिले बळ श्रमाच्या चित्रणात आहे. अद्भुतकथेत सामान्यतः युद्धाला जे स्थान असते, ते येथे फळ्या बसविणे, भट्टी पेटविणे, गिऱ्हाइकाची वाट पाहणे या कृतींना मिळाले आहे. त्यामुळे पहिले गिऱ्हाईक दुकानात येणे हीदेखील वाचकाला घटना वाटते. दुसरे बळ प्रेमचित्रणातील संयमात आहे. टँड्री ‘सक्युबस’ म्हणजे मोहिनी घालणाऱ्या वंशातील. त्या वंशाविषयीच्या पूर्वग्रहाचा जाच तिला सोसावा लागतो. व्हिवलाही लोक देहावरूनच पारखतात. एकत्र काम करताना वाढत गेलेला विश्वास हाच त्यांच्या प्रेमाचा पाया असल्याने अखेरची कबुली स्वाभाविक वाटते.

मर्यादाही याच गुणांना लागून आहेत. ‘मॅड्रिगल’ या गुंडटोळीच्या प्रमुखाकडून होणारी खंडणीची मागणी दर आठवड्याला पोचविल्या जाणाऱ्या पक्वान्नांवर मिटते. धाकदपटशाचे मूळ सत्तेत असते, याचा विसर कथेला पडलेला दिसतो. व्हिवच्या हिंसक भूतकाळाचा नैतिक भारही पुरेसा जाणवत नाही. तिने मारलेल्या राक्षसी प्राण्याच्या मस्तकातून काढलेला दैवी खडा दुकानात पुरलेला असतो. मात्र त्या वधाविषयी तिच्या मनात प्रश्न उमटत नाही.

हा खडाच कादंबरीतील सर्वांत अर्थपूर्ण घटक आहे. दुकानाचे यश खड्याचे की श्रमाचे, हा प्रश्न व्हिवला छळतो. जुना सहकारी फेनस दुकानाला आग लावून खडा पळवितो, तेव्हा त्या प्रश्नाची खरी कसोटी लागते. जमलेली माणसे टिकून राहतात आणि दुकान पुन्हा उभे राहते. तथापि हीच माणसे मुळात खड्यामुळे एकत्र आली असावीत, असेही कादंबरी सुचविते. मैत्री जर दैवाने घडविली असेल, तर तीतील निवडीचे मोल किती? या टोकदार जागेपाशी लेखक फार काळ थांबत नाही. दिलासा देण्याच्या प्रतिज्ञेने येथे आशयाला बांध घातला आहे.

संघर्ष सौम्य आहे एवढ्यावरून अशा कादंबरीला ‘रंजनपर’ म्हणून बाजूस सारणे न्याय्य नाही, कारण लहान घटनांना वजन देणे ही कादंबरीकाराची कठीण परीक्षाच असते. त्याचबरोबर वाचकाला लाभणारा दिलासा हाच वाङ्मयीन गुण मानणेही घाईचे ठरेल. तो दिलासा कथेने स्वतःच उपस्थित केलेल्या प्रश्नांना सामोरे जाऊन मिळविला आहे की त्यांना वळसा घालून, हे तपासणे हाच अधिक उचित निकष होय. ‘लेजंड्स अँड लाटेज’ श्रम आणि प्रेम यांच्या चित्रणात या निकषास उतरते; सत्ता, हिंसा आणि दैव यांच्या बाबतीत मात्र उणी पडते.