स्पंजाची ओळख त्याच्या सुयांत

आमच्या लहानपणी पाटी पुसायला डबीत ओला स्पंज असायचा. ज्याच्याकडे तो नसे, तो थुंकी आणि सदऱ्याची बाही यांवर भागवी. तो स्पंज अर्थात कारखान्यातला. खरा स्पंज हा समुद्रात राहणारा प्राणी आहे, हे शाळेत कधीतरी घोकलं असेल. पण ते मनावर ठसलं इस्पितळात.

माझ्या भाच्याला रक्ताचा कर्करोग झाला होता. त्याला सायटाराबिन नावाचं औषध देत. रात्री उशाशी बसून मी ते नाव वाचत राही. एकदा तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंना विचारलं, हे कशापासून करतात? त्या म्हणाल्या, "बनतं कारखान्यातच, काका. पण त्याची वाट दाखवली ती एका समुद्री स्पंजानं." भाचा बरा झाला. मी मात्र त्या स्पंजाच्या मागे लागलो, आणि विज्ञानाचा गंध नसलेला माझ्यासारखा कवी प्राण्यांच्या वर्गीकरणात जाऊन पडला.

हकिगत अशी. व्हेर्नर बर्गमन या रसायनशास्त्रज्ञानं १९४५ मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडाच्या उथळ, उबदार समुद्रातून स्पंज गोळा केले. त्यांतल्या एकात त्यांना पेशींच्या जनुकद्रव्यातल्या घटकांसारखेच, पण वेगळी साखर जोडलेले पदार्थ मिळाले. त्या धाग्यावरून पुढे प्रयोगशाळेत सायटाराबिन तयार झालं आणि १९६९ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. पेशीला ते आपलंच वाटतं, ती ते वापरायला जाते आणि तिचं वाढणं थांबतं.

पण हा स्पंज कोणता? नुसतं 'अमुक खाडीतला करडा गोळा' म्हणून चालत नाही. तोच जीव पुन्हा सापडला पाहिजे, दुसऱ्याला तपासता आला पाहिजे. दे लॉबेनफेल्स या अभ्यासकानं १९४९ मध्ये त्याला नाव दिलं, क्रिप्टोटेथिया क्रिप्टा. क्रिप्टा म्हणजे लपलेला. हा अंगावर वाळू आणि शेवाळ घेऊन बसतो, शेजारून पोहत गेलात तरी दिसायचा नाही.

नाव देणं सोपं वाटतं. स्पंजाच्या बाबतीत ते फार अवघड. त्याला डोकं नाही, पाय नाहीत, तोंडही नाही. अंगभर छिद्रं, त्यांतून पाणी आत घ्यायचं, अन्नकण गाळायचे, मोठ्या भोकातून पाणी बाहेर सोडायचं. लिनियससारख्या नामकरणाच्या महागुरूनं त्याला आधी वनस्पतींत बसवलं होतं आणि १७६७ मध्ये प्राण्यांत आणलं. त्यात आकाराचा भरवसा नाही. एकच जात संथ पाण्यात फांद्या फुटल्यासारखी वाढते आणि लाटांच्या माऱ्यात खडकाला चपटी चिकटून राहते. रंगही कामाचा नाही. अल्कोहोलच्या बाटलीत टाकला की बहुतेकांचा रंग उडतो. म्हणून पाणबुड्यानं रंग, वास, स्पर्श हे जागेवरच टिपून ठेवायचं असतं.

खरी ओळख असते आतल्या सुयांत. त्यांना कंटिका म्हणतात. स्पंजाचा छोटा तुकडा कापून ब्लीचिंगच्या द्रावात ठेवला की मांस विरघळतं आणि तळाशी पांढरा गाळ उरतो. तो धुऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला की काचेचा खजिना दिसतो: दोन्हीकडून टोकदार सुया, टाचणीसारख्या डोकं असलेल्या, चांदण्या, आकडे. त्यांची लांबी मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजतात. या सुया बहुतेक जातींत सिलिकाच्या असतात, काहींत चुन्याच्या. आंघोळीचा स्पंज मात्र सुयाविरहित, नुसत्या तंतूंचा. म्हणून तर तो अंगाला टोचत नाही.

या सुया वाचणाऱ्यांत एक माणूस आपल्या मुंबईचा म्हणावा असा होता. हेन्री जॉन कार्टर, ईस्ट इंडिया कंपनीचा शल्यवैद्य. १८४९ मध्ये त्यानं मुंबई बेटावरच्या गोड्या पाण्यातल्या स्पंजांवर निबंध छापला. पुढे मायदेशी परतल्यावर मन्नारच्या आखातातून आलेल्या समुद्री स्पंजांचंही वर्णन त्यानं १८८०च्या सुमारास केलं. मुंबईच्या तळ्यातला चिखल चाळून सुरू झालेला हा छंद असा तमिळनाडू आणि श्रीलंकेमधल्या प्रवाळांपर्यंत गेला.

सुयाही कधीकधी फसवतात. प्रवाळांवर माणूस मावेल एवढे पिंपाच्या आकाराचे स्पंज असतात. त्यांच्या तीन जाती मानत, कॅरिबियनमधली एक आणि हिंद-प्रशांत महासागरांतल्या दोन. २०१३ पासून झालेल्या जनुकीय तपासण्यांत मात्र एकाच प्रवाळभिंतीवर शेजारी उभी असलेली दोन पिंपं वेगळ्या वंशाची निघाली, आणि काहींचे जवळचे नातलग दुसऱ्याच महासागरात सापडले. संरक्षण करायचं तर एका नावाखाली किती जाती दडल्यात, हे आधी कळायला नको का?

आपल्या 'लपलेल्या' स्पंजाचंही नाव बदलत गेलं. क्रिप्टोटेथियाचा टेथिया झाला, आता तो टेक्टिटेथिया क्रिप्टा आहे. हे ऐकून भाचा हसला, "मामू, रेशनकार्डासारखंच की!" मला त्यात गंमत वाटत नाही, कारण नाव बदललं तरी जुनं पुसलेलं नसतं. नऊ हजारांहून अधिक स्पंजांची जी जागतिक नोंदवही संगणकावर ठेवली आहे, तिच्यात आजच्या नावाखाली आधीची सगळी नावं लिहिलेली आहेत. बर्गमनचा १९५० चा निबंध उघडून त्यातलं जुनं नाव शोधलंत, तरी तुम्ही त्याच वाळूत बसलेल्या स्पंजापाशी पोहोचता.