टिप्या, चहा आणि चाळिशी

आमच्या घरी एक गजराचे घड्याळ आहे. त्याला किल्ली द्यावी लागत नाही, सेलही बदलावा लागत नाही. पहाटे साडेपाचला ते आपणहून पलंगाशी येते, ओले नाक माझ्या तळपायाला लावते आणि तरीही मी हललो नाही, तर पांघरूण ओढते. या घड्याळाचे नाव टिप्या. जात गावठी, रंग तांबूस, वय सव्वा वर्ष.

वीस वर्षे मी रुग्णांना सांगत आलो, “रोज अर्धा तास चाला.” आणि मी स्वतः? घर ते स्कूटर, स्कूटर ते दवाखाना. आठवड्यातले पाच दिवस अर्धा-अर्धा तास भरभर चालले की १५० मिनिटे होतात आणि जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांना सांगितलेला किमान व्यायाम पदरात पडतो. हा हिशेब मला तोंडपाठ होता. पण घराबाहेर काढले ते टिप्यानेच. माणसाला सबब सांगता येते. ‘आज जरा पाऊस आहे’, ‘काल जागरण झालं’ हे कुत्र्याला पटत नाही. दर खांबापाशी होणारे त्याचे थांबे वजा केले, तरी माझा अर्धा तास भरतो. पूर्वी जिना चढताना लागणारी धाप आता लागत नाही, हे मी आमच्या सौ.ना अजून सांगितलेले नाही. सगळे श्रेय टिप्याला जाईल!

फिरून येईपर्यंत चहा तयार असतो आणि ओट्यावर पेपर पडलेला असतो. मोबाईलवर रात्रीच सगळ्या बातम्या कळलेल्या असल्या, तरी सकाळच्या चहाला कागदाचाच पेपर लागतो. आमच्या घरी त्याचे तीन वाटेकरी. वडिलांना आधी निधनवार्ता हवी. “आपलं नाव नाही ना, एवढं बघून घेतो,” म्हणतात. चिरंजीवांना क्रिकेटचे पान हवे. सौ.ना राशिभविष्य, त्यावर विश्वास नाही, पण वाचायला काय जाते! उरलेले पान माझे. तेही मी हात लांब करकरून वाचत असे.

हा हात लांब करण्याचा प्रकार चाळिशीच्या आसपास बहुतेकांना सुरू होतो. डोळ्यातले भिंग लहानपणी लवचीक असते. जवळचे पाहताना ते फुगीर होते आणि अक्षर स्पष्ट दिसते. वय वाढते तसे ते ताठर होत जाते. मग पेपर दूर जातो आणि एक दिवस हातच अपुरा पडतो. आपल्या पूर्वजांनी या वयाला आणि या चष्म्याला एकच नाव ठेवले, चाळिशी! त्यात लाजण्यासारखे काही नाही. फक्त हा चष्मा बाजारातून अंदाजाने उचलू नका. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा, म्हणजे त्याच वेळी डोळ्यातला दाबही तपासून होईल. काचबिंदू दुखत नाही, खुपत नाही. गुपचूप नजर खातो आणि गेलेली नजर परत येत नाही.

हे सगळे ठाऊक असूनही माझी चाळिशी खिशातच राहायची. तिथेच एकदा घोळ झाला असता.

गेल्या वर्षीची गोष्ट. टिप्या तेव्हा जेमतेम अडीच महिन्यांचा होता. चिरंजीवांनी त्याला मित्राच्या शेतावरून उचलून आणलेले. एका सकाळी मी पेपर उघडला, तर टिप्याने खालचा कोपरा दातात धरला. मी ओढतो, तो ओढतो. त्या रस्सीखेचीत त्याचा दात माझ्या अंगठ्याला लागला. मी अंगठा डोळ्यांपुढे धरला आणि म्हणालो, “काही नाही, लागलंच नाही.”

सौ. पोह्यांची बशी घेऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, “अहो, आधी चाळिशी लावा आणि मग बोला.”

चष्मा लावला. कातडीवर दोन बारीक रेघा होत्या. रक्त नव्हते, पण साल निघाली होती. तरीही माझ्या तोंडून गेलेच, “घरचंच पिल्लू आहे गं, त्याला काय होतंय!”

वाचकहो, हेच वाक्य मी दवाखान्यात कितीतरी जणांच्या तोंडून ऐकले आहे आणि प्रत्येकाला रागावलो आहे. पिल्लू घरचे खरे, पण त्याची आई शेतावर मोकाट फिरणारी. तिला लस दिली होती की नाही, कोणालाच ठाऊक नव्हते. पिल्लाला रेबीजची लस साधारण तीन महिन्यांचे झाल्यावर देतात, म्हणजे टिप्याला अजून संरक्षण नव्हतेच. शिवाय रेबीज झालेल्या जनावराच्या लाळेत आजार दिसायच्या आधी काही दिवसच विषाणू येऊ शकतात. म्हणून ‘आज तर चांगला खेळतोय’ या शब्दावर विसंबता येत नाही. माणसात लक्षणे दिसायला बहुधा एक ते तीन महिने लागतात, आणि एकदा ती दिसली की रुग्ण जवळजवळ कधीच वाचत नाही. जे काही करायचे, ते त्याआधी.

सौ.नी मला नळाखाली उभे केले. साबण, वाहते पाणी आणि घड्याळ लावून पंधरा मिनिटे. चहा निवला, पोहे गार झाले. मग मी सरकारी रुग्णालयात जाऊन रांगेत उभा राहिलो. पुढच्या गृहस्थांनी ओळखले. “डॉक्टर, तुम्ही इकडं?” मी अंगठा दाखवला. त्यांच्या कडेवर पाच-सहा वर्षांची मुलगी होती. तिला चार दिवसांपूर्वी शेजारचे मांजर चावले होते. घरच्यांनी हळद आणि मिरची भरली होती. का थांबलात, विचारले तर म्हणाले, “पोटात चौदा इंजेक्शनं, पोरीला कशी सोसायची?”

ती पोटातली चौदा इंजेक्शने जाऊन बरीच वर्षे झाली, भीती मात्र राहिली आहे! आताची लस दंडात किंवा दंडावरच्या कातडीत देतात, चार किंवा पाच वेळा. मुलीने माझे इंजेक्शन टक लावून पाहिले आणि मग स्वतःचा हात पुढे केला. उशीर झाला होता, पण लक्षणांपूर्वी आलेल्याला परत पाठवायचे नसते.

तेव्हा एवढे ध्यानात ठेवा. कुत्रे, मांजर किंवा माकड चावले, ओरबाडले, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा. हळद, मिरची, चुना, तेल लावू नका. घट्ट पट्टी बांधू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा. रक्त आले असेल तर लसीबरोबर जखमेत सीरमही द्यावे लागते. चावणारे कुत्रे किंवा मांजर पाळीव असेल, तर त्याच्यावर दहा दिवस लक्ष ठेवा, पण तोवर लस अडवून ठेवू नका. आणि घरच्या जनावराला दरवर्षी लस टोचून घ्या. टिप्याची तारीख आमच्या कॅलेंडरवर लाल शाईने लिहिलेली आहे.

दहा दिवस मी टिप्यावर लक्ष ठेवले आणि टिप्याने पेपरवर. दोघेही ठणठणीत राहिलो. आता सकाळी तो पेपर तोंडात धरून आणतो, कोपरा थोडा ओला करून. मी तो घेतो, पण आधी चाळिशी लावतो.