नगर वरच्या मजल्यावर

पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय 1 एप्रिल 1998 रोजी लोकांसाठी खुलं झालं. तिथल्या गाड्या, सिग्नल, उड्डाणपूल पाहताना माणसं रमतात ती रुळांच्या लांबीमुळे नाही. एक गाडी थांबते, दुसरीला वाट देते, सिग्नल पडला की निघते, हा वक्तशीर व्यवहार त्यांना खिळवून ठेवतो. घरच्या हौशी माणसाजवळ मात्र तसं दालन नसतं. फार तर दहा बाय बाराची खोली असते. तेवढ्यात जास्त रेल्वे बसवायची तर लेआउटवर दुसरा मजला चढवावा, असं सर्रास सुचवलं जातं. सल्ला चांगला आहे, पण त्यामागे सांगितलं जाणारं कारण चुकीचं आहे. दुसऱ्या मजल्याने लांबी वाढते हे खरं असलं, तरी त्याचा मोठा लाभ म्हणजे दोन स्थानकांमध्ये पडणारं अंतर.

दौंड–मनमाड मार्गाचंच उदाहरण घेऊ. 1878 साली सुरू झालेला हा मार्ग सुमारे 236 किलोमीटरचा आहे. 1:87 या एचओ प्रमाणात तो जसाच्या तसा करायचा तर रूळ लागतील 2.7 किलोमीटर. दहा बाय बाराच्या खोलीत भिंतीकडेने, दाराची जागा सोडून, एका मजल्यावर साडेबारा मीटर रूळ बसतो; दोन मजल्यांवर पंचवीस. म्हणजे प्रत्यक्षातले जेमतेम सव्वादोन किलोमीटर, मूळ मार्गाच्या एक टक्क्याहूनही कमी. चोवीस डब्यांची एक्सप्रेससुद्धा या प्रमाणात पावणेसात मीटर भरते, खोलीच्या लांब भिंतीच्या जवळपास दुप्पट. मजले कितीही चढवले तरी लांबीचा हिशेब कधीच जुळणार नाही. एकाच मजल्यावर या मार्गावरची नगर आणि राहुरी ही स्थानकं शेजारी मांडली, तर इंजिन राहुरीत शिरतं तेव्हा शेवटचा डबा अजून नगरच्या फलाटावरच असतो. अशाने प्रवास झाल्यासारखा वाटतच नाही.

या मार्गाची भूरचना दोन मजल्यांना आयतीच सोयीची आहे. कोपरगाव गोदावरीच्या काठी, दौंड भीमेच्या काठी, आणि मध्ये सुमारे 650 मीटर उंचीवर नगर, म्हणजे आजचं अहिल्यानगर. राहुरीची मुळा पुढे प्रवरेतून गोदावरीला मिळते, नगरची सीना भीमेला. पाणलोट विभागणारी उंच जमीन या दोन गावांच्या मधेच आहे आणि विळदचा घाटही तिथलाच. म्हणून खालच्या मजल्यावर कोपरगाव, बेलापूर, राहुरी, वर नगर, आणि वरून उतरणारी दौंडची बाजू, असं मांडलं तर चढ-उतार कल्पनेतून आणावे लागत नाहीत.

चढ घ्यायला मात्र जागा मोजावी लागते. दोन मजल्यांमध्ये हात घालता यावा यासाठी निदान 42 सेंटीमीटर अंतर हवं. 45 सेंटीमीटर त्रिज्येच्या गोल चढणीच्या एका फेरीत 2.8 मीटर रूळ जातो आणि चाळीसात एक चढ धरला तर सात सेंटीमीटर उंची मिळते. सहा फेऱ्या, सतरा मीटर रूळ, आणि खोलीचा सुमारे एक चौरस मीटर कोपरा त्यात खर्ची पडतो. चढही हलका म्हणता येत नाही: बोर घाटात सदतीसात एक चढावर गाडीला मागून बँकर इंजिन लावावं लागतं. गोल चढणीत वळणाचं घर्षणही भर घालतं, त्यामुळे गाडी आखूडच ठेवावी लागते.

आक्षेप असा की एवढा रूळ झाकलेल्या चढणीत दडवून, कोपरा घालवून गाडी दिसेनाशी का करायची? उत्तर त्या दिसेनासं होण्यातच आहे. ताशी पन्नास किलोमीटरच्या प्रमाणशीर वेगाने सतरा मीटर जायला पावणेदोन मिनिटं लागतात. तेवढा वेळ राहुरीच्या लूप लाइनवर दुसरी गाडी क्रॉसिंगसाठी उभी राहते. हा मार्ग दीर्घकाळ एकेरी होता, दुहेरीकरण नंतरचं. तेव्हा समोरच्या गाडीची वाट पाहणं हाच त्याचा स्वभाव होता. चढणीतल्या त्या दोन मिनिटांत नगर आणि राहुरी खरोखर वेगळी गावं होतात. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: 1:160 चं एन प्रमाण घेतलं तर एकाच मजल्यावर जवळजवळ तेवढीच लांबी मिळते, मग हा उपद्व्याप कशाला? ज्याला लांबलचक मालगाडी पाहायची आहे त्याने एन प्रमाणच घ्यावं, हे मान्य. पण तिथेही स्थानकं एकमेकांच्या नजरेतच राहतात. मधला पडदा वेगळा उभारावा लागतोच. तिसरा आक्षेप खरेपणाचा. एचओचा 16.5 मिलिमीटर रूळ 1435 मिलिमीटरच्या गेजचा. आपली ब्रॉडगेज 1676 ची. पंचेचाळीस सेंटीमीटरचं वळण म्हणजे प्रत्यक्षात चाळीस मीटरचंही नाही; त्यावरून खरी एक्सप्रेस जाणार नाही. मापं इतकी मोडल्यावर निष्ठा कशाशी ठेवायची? रेल्वे चालते त्या नियमांशी: समोरची लाइन मोकळी असल्याशिवाय गाडी सोडायची नाही. हा नियम छोट्या खोलीतही एका मिलिमीटरचीही तडजोड न करता पाळता येतो.

म्हणून सुताराला बोलावण्याआधी वेळापत्रक लिहावं. कोणत्या दोन गाड्या कुठे एकमेकींना वाट देणार आणि त्यासाठी किती वेळ लागणार, हे ठरलं की किती फेऱ्या, किती उंची, किती मजले याचं उत्तर हिशेबातून निघतं. कधी कधी ते उत्तर 'एकच मजला' असंही असेल; मग दुसरा चढवण्याचा मोह आवरावा.